घडीव की ओतीव आणि ब्लेड की कॅव्हिटी: हे दोन प्रश्न वेगळे आहेत

गेल्या महिन्यात कोल्हापूरजवळच्या शिरोलीतला माझा एक मित्र गोल्फच्या आयर्नचा, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या नंबरवार क्लबांचा, सेट घ्यायला निघाला होता. त्याची स्वतःची फाउंड्री आहे, पंचवीस वर्षं ओतकामातच गेलीत. तरी त्याचं पहिलं वाक्य असं, "मर्दा, घ्यायचा तर घडीवच घ्यायचा. ओतीव नको." का, म्हणून विचारलं. तर म्हणाला, घडीव म्हणजे ब्लेड, भरीव पाठीचं, आणि ब्लेड खऱ्या खेळाडूचं. ओतीव म्हणजे कॅव्हिटी, मागं खड्डा असलेलं, ते शिकाऊ माणसाचं.

ओतकामावर घर चालवणाऱ्या माणसानं ओतकामाला असं हलकं लेखावं याचं मला वाईट वाटलं. दुसरं म्हणजे, ही समजूत त्याची एकट्याची नाही. बारा वर्षांपूर्वी एका दुकानदारानं मला हेच सांगून ब्लेडचा सेट गळ्यात मारला होता आणि त्यात माझी दोन वर्षं गेली. धातूला आकार कसा दिला, हा एक प्रश्न. त्या आकारात वजन कुठे ठेवलं, हा दुसरा. बोलताना हे दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेत की पैसे मोजेपर्यंत कुणी ते सोडवून बघत नाही.

आधी घडीव आणि ओतीव. नाव आयर्न असलं तरी आज हे क्लब पोलादाचे असतात. कोल्हापुरात ओतीव म्हटलं की डोळ्यासमोर बीड येतं. बिडाचा तवा फरशीवर पडला की तडकतो, कारण बिडात ग्रॅफाइटच्या पाकळ्या पसरलेल्या असतात आणि भेग त्यांच्या वाटेनं पळते. हा अनुभव मनात धरूनच आपला माणूस ओतीव आयर्नकडे बघतो. पण त्या आयर्नमध्ये बीड नसतंच. पुष्कळ सेट १७-४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे असतात, म्हणजे साधारण १७ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेल. ते घडीव आयर्नच्या पोलादापेक्षा चांगलंच कठीण असतं.

ओतायची रीतही आपल्या वाळूच्या साच्याची नाही. आधी मेणाचं हेड, म्हणजे क्लबचं डोकं, बनवतात, त्यावर सिरॅमिकचे थरावर थर चढवतात, मग मेण वितळवून काढून टाकतात आणि त्या पोकळीत स्टील ओततात. देवांच्या धातूच्या मूर्ती ज्या पद्धतीनं पिढ्यान्‌पिढ्या ओतल्या गेल्या, त्याच कुळातली ही पद्धत. वाळूत न साधणारी बारीक नक्षी आणि खोल खड्डे तिच्यात सहज उतरतात.

घडीव हेडची सुरुवात सळईच्या तुकड्यापासून होते. तो लालभडक तापवून डायमध्ये घणाखाली दाबतात, मग घासून, तासून, वर क्रोमचा मुलामा देतात. पोलाद मऊ, कार्बन ०.२० ते ०.२५ टक्क्यांच्या आसपास. या मऊपणाचा ठोस फायदा एकच, शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, जिथे हेडमध्ये शिरतो ती मान यंत्रावर दोन-तीन अंश वाकवता येते. त्यानं क्लब जमिनीवर किती उभा किंवा किती आडवा बसतो ते आपल्या उंचीप्रमाणे बदलून घेता येतं. १७-४ स्टील त्याला फारशी दाद देत नाही.

(कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत काय वाट्टेल ते करून मिळतं याचा मलाही अभिमान आहे. पण क्लबचं हेड व्हाइसमध्ये धरून हातोडीनं मान वाकवायला कुणाला सांगू नका. त्यासाठी अंश मोजणारं वेगळं यंत्र असतं.)

आणि घडीवचा तो प्रसिद्ध लोण्यासारखा स्पर्श? चेंडू फेसवर, म्हणजे हेडच्या मारायच्या बाजूवर, जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. हाताला काही कळेपर्यंत तो निघून गेलेला असतो. नंतर आपण ज्याला स्पर्श म्हणतो त्यात आवाजाचा वाटा फार मोठा आहे. कानात कापसाचे बोळे घालून दहा चेंडू मारून बघा, मी मारलेत. घडीव-ओतीव ओळखण्याची माझी खात्री पाचव्या चेंडूलाच गेली.

खरी निवड होते ती दुसऱ्या प्रश्नावर.

७ नंबरच्या आयर्नचं हेड साधारण २७० ग्रॅमचं असतं, मग ते ब्लेड असो की कॅव्हिटी. (नंबर जितका लहान तितका फेस उभा आणि चेंडू लांब.) ब्लेडमध्ये हे वजन फेसच्या मधल्या भागामागे एकवटलेलं असतं, पाठ भरीव, हेड लहान, तळ अरुंद. कॅव्हिटीमध्ये पाठ खोदून काढलेली असते आणि तिथून वाचलेलं वजन कडेला, टोकाला, टाचेला (शाफ्टकडच्या बाजूला) आणि तळाशी पांगवलेलं असतं.

यानं काय होतं ते घरातच बघता येईल. मीटरभर लांब काठी आणि पाण्यानं भरलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घ्या. काठी मधोमध धरा, मुठीच्या दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटरवर बाटल्या बांधा आणि मनगटानं काठी डावी-उजवीकडे फिरवा. झरझर फिरते. आता त्याच बाटल्या ४० सेंटिमीटरवर, कावडीसारख्या टोकांकडे बांधा. वजन तेवढंच आहे, पण काठी फिरायला तयार नाही. अंतर चौपट झालं की बाटल्यांचा फिरण्याला होणारा विरोध सोळापट होतो, कारण तो अंतराच्या वर्गानं वाढतो.

चेंडू फेसच्या मधोमध न लागता टोकाकडे लागला की हेड असंच फिरू बघतं. ब्लेड पटकन फिरतं, फेस उघडतो, चेंडू दिशा सोडतो आणि अलीकडेच पडतो. कॅव्हिटी कावडीसारखी अडून राहते. फटका चुकलेलाच असतो, पण नुकसान कमी होतं.

ही युक्ती आयर्नमध्ये रुजवण्याचं मोठं श्रेय कार्स्टन सोल्हाइम यांना जातं. जन्म नॉर्वेतला, १९११चा, लहानपणीच अमेरिकेत गेले. मंदीच्या काळात शिक्षण सोडून त्यांनी वडिलांच्या चपला-बूट दुरुस्तीच्या धंद्यात काम केलं, पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर झाले आणि पिंग ही कंपनी उभी केली. १९६९मध्ये त्यांचे कार्स्टन १ हे आयर्न आले, वजन कडेला पांगवलेले आणि ओतीव. चपलेसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या आणि ओतकामावर जगणाऱ्या आपल्या गावात या माणसाचं नाव फारसं कुणाला माहीत नाही, याची मला रुखरुख आहे.

गोंधळाचं मूळही तिथेच आहे. खड्डेदार आकार ओतून काढणं सोपं, म्हणून कॅव्हिटी ओतीव निघाल्या. ब्लेड पूर्वीपासून घडीव होतंच. त्यामुळे दोन्ही शब्द जोडीनं वावरू लागले. आता ती जोडी कधीच फुटली आहे. मिझुनो कंपनीच्या जेपीएक्स मालिकेत 'फोर्ज्ड', म्हणजे घडीव, नावाचे कॅव्हिटी आयर्न आहेत. पिंगचा आय२१० ओतीव आहे आणि तो व्यावसायिक स्पर्धांत खेळला गेला. २०१७मध्ये आलेला टेलरमेडचा पी७९० घडीव म्हणून विकला जातो, लांबून ब्लेडसारखा दिसतो आणि आतून पोकळ आहे. खोक्यावरचा 'फोर्ज्ड' हा शब्द वाचून आतलं वजन कुठे आहे ते कळत नाही.

मग ब्लेड घ्यावंच कुणी? ज्याचा चेंडू बहुतेक वेळा मधोमध लागतो त्यानं. अरुंद तळ आणि लहान हेडमुळे चेंडू खाली-वर, डावी-उजवीकडे वळवून मारणं अशा हाताला सोपं जातं, आणि बारीकशी चूकसुद्धा ब्लेड लगेच सांगतं. टायगर वूड्स कारकिर्दीत बहुतेक ब्लेडच खेळला. पण आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला प्रत्येक चुकीची एवढी कडक शिक्षा कशाला हवी?

आपला हात कुठल्या बाजूचा आहे हे ओळखायला स्कोअर पुरेसा नाही. त्यात पटिंग, म्हणजे खळग्याजवळचे हलके फटके, असतं, नशीबही असतं. त्यापेक्षा पांढऱ्या फळ्यावर लिहायचं मार्कर घ्या, चेंडूवर ठळक ठिपका काढा आणि ठिपका फेसकडे ठेवून मारा. फेसवर शाई उमटते. ७ नंबरनं तीस चेंडू मारा, दर चेंडूनंतर खूण कागदावर उतरवा आणि फेस पुसा. दहापैकी सात खुणा दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकल्या जात असतील तर ब्लेडचा विचार जरूर करावा. खुणा टाचेपासून टोकापर्यंत विखुरल्या असतील तर कॅव्हिटी, आणि त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. मधल्या हातासाठी मिश्र सेट हा मला सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो. ४, ५, ६ कॅव्हिटी आणि ८, ९ ब्लेडच्या जवळचे, कारण लहान नंबरचे लांब आयर्न मधोमध लागणं सगळ्यात अवघड.

खुणांबरोबर माती कशी उडते तेही बघा. काहींचा क्लब वरून तिरपा घुसतो आणि मोठं ढेकूळ काढतो, काहींचा गवत झाडून जातो. घुसणाऱ्याला रुंद तळ तारतो, तो क्लबला मातीत रुतू देत नाही. ऑगस्टात आपल्याकडची माती पाय दाबेल तिथे दबते, तेव्हा हे फार जाणवतं. मे महिन्यात तीच माती विटेसारखी होते, आणि मग झाडणाऱ्याचा रुंद तळ जमिनीवर आपटून उसळतो, चेंडूच्या डोक्यावर लागतो. आपण वर्षात कधी आणि कुठे जास्त खेळतो, इथे की पुण्याला येरवड्याच्या मैदानावर, हे दुकानात जायच्या आधी ठरवलेलं बरं.

एका गोष्टीत मात्र कॅव्हिटीची जाहिरात फसवी असते. "याचा सात नंबर पंधरा यार्ड जास्त जातो," असं ऐकाल. जातोही. पण ब्लेडच्या सात नंबरचा फेस ३४-३५ अंश कललेला असतो आणि शिकाऊंसाठीच्या कॅव्हिटीत तो २८ ते ३० अंशांवर आणलेला असतो. म्हणजे आकडा सातचा आणि कल जुन्या सहा किंवा पाचचा. बिल येतं ते सेटच्या खालच्या टोकाला, आखूड क्लबांत. अशा सेटचा पिचिंग वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब) ४३ अंशांच्या आसपास निघतो, तुमचा सँड वेज (वाळूतून चेंडू काढायचा क्लब) ५६चा असतो आणि मधल्या १३ अंशांत काहीच नसतं. या दोन्हींच्या मधल्या अंतरावरून ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या हिरवळीवर, चेंडू टाकायच्या वेळी ते कळतं. म्हणून सेट घेताना सगळ्या क्लबचे अंश विचारून लिहून घ्या.

शाफ्टबद्दल थोडंच. स्टीलचा साधारण ९५ ते १३० ग्रॅम, ग्रॅफाइटचा त्याहून बराच हलका. स्विंग मंद असेल किंवा कोपर दुखत असेल तर ग्रॅफाइट घ्यावा.

मित्रानं फाउंड्रीमागच्या मोकळ्या जागेत जाळी लावून तीस चेंडू मारले. बावीस खुणा टोकाकडे, त्याही वर-खाली विखुरलेल्या. माती खोल निघत होती. मध्यम रुंद तळाची ओतीव कॅव्हिटी ठरली. तो सहा फुटांवर उंच, म्हणून क्लब थोडा जास्त उभा हवा होता. पिंग हा कोन रंगीत ठिपक्यानं दाखवतं, काळा म्हणजे नेहमीचा आणि निळा म्हणजे त्याहून किंचित उभा. त्यानं निळा मागवला, म्हणजे नंतर मान वाकवायचा प्रश्नच उरला नाही.

सेट आला त्या दिवशी त्यानं सात नंबर ऑफिसातल्या टेबलावर उलटा ठेवला, चष्मा वर केला आणि खड्ड्याच्या कडेवरून अंगठा फिरवू लागला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ह्याला पार्टिंग लाइन कुठाय?" मी म्हटलं, नसते, सांध्याची ती रेघ उमटायला सिरॅमिकच्या साच्याला दोन अर्धुकं नसतात. त्यानं हेड खिडकीच्या उजेडात नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला सुरुवात केली.