वेगाच्या अटीवर बांधलेल्या विनाशिका

विनाशिका म्हटले की आज माझगाव गोदीत बांधलेली, सात हजार टनांच्या वरची, क्षेपणास्त्रांनी सज्ज अशी नौका डोळ्यांसमोर येते. पण विनाश नेमका कुणाचा, हे तिच्या नावातून कधीच गळून गेले आहे. राणी व्हिक्टोरियाच्या शेवटच्या दशकात ते नावातच होते: टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर, म्हणजे पाणतीर सोडणाऱ्या बोटींचा पाठलाग करून त्यांना बुडवणारी.

या बोटींची धास्ती खरी होती. अभियंता व्हाइटहेडचा स्वयंचलित पाणतीर आला आणि थॉर्निक्रॉफ्टच्या कारखान्याने 1876मध्ये ‘लाइटनिंग’ ही पाणतीर सोडणारी बोट पाण्यात उतरवली. मूठभर खलाशांची स्वस्त बोट आता प्रचंड चिलखती नौकेला तळाशी पाठवू शकत होती. फ्रान्सने अशा बोटींचा सपाटाच लावला. ब्रिटिशांनी त्यांच्यामागे धाडायला आधी ‘टॉर्पेडो गनबोट’ बांधल्या, पण पाठलाग करणारीच मागे पडू लागली.

1892मध्ये नौदलाच्या जहाजबांधणीची सूत्रे ॲडमिरल जॉन फिशर यांच्याकडे आली. त्यांनी यॅरो, थॉर्निक्रॉफ्ट आणि लेअर्ड यांना कामाला लावले. नौदलाने वेग आणि शस्त्रे ठरवून द्यायची, आराखडा कारखान्याने आपापला करायचा, अशी ही पद्धत. यॅरोची ‘हॅवॉक’ 1893मध्ये पाण्यात उतरली: सुमारे 55 मीटर लांब, अवघी 240 टनांची, वेग 26 नॉटच्या (म्हणजे ताशी सागरी मैलांच्या) वर. तिच्यात रेल्वे इंजिनासारखे बॉयलर होते. तिची बहीण ‘हॉर्नेट’ मात्र नळ्यांतून पाणी खेळवणाऱ्या नव्या बॉयलरवर चालली, आणि पुढे हीच पद्धत रुळली.

मग मागणी 27 नॉटची झाली आणि लगेच 30ची. ठरलेला वेग भरला नाही तर कारखान्याचे पैसे कापले जात. साहजिकच चाचणीच्या दिवशी निवडक कोळसा, मुरलेले फायरमन आणि शक्य तितके कमी ओझे. बॉयलरची खोली बंद करून पंख्यांनी आत हवा कोंबायची, भट्ट्या रसरसवायच्या आणि फावड्यामागून फावडे कोळसा टाकत राहायचे. कागदावर 30 नॉट भरत. तीच नौका भरल्या पोटी खवळलेल्या समुद्रात गेली की हा आकडा विसरायचा. वजन वाचवायला पोलादी पत्रे काही ठिकाणी जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे असत. बुटक्या, कासवपाठी नाळेवरून, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावरून, लाट थेट सुकाण्यावरच्या माणसांच्या अंगावर येई.

1897च्या स्पिटहेड इथल्या नौदल संचलनात अभियंता चार्ल्स पार्सन्सची चिमुकली ‘टर्बिनिया’ युद्धनौकांच्या रांगांमधून सुसाट निघून गेली आणि टर्बाइनचा, म्हणजे वाफेच्या झोताने पाती फिरवणाऱ्या इंजिनाचा, बोलबाला झाला. टर्बाइनवर चालणाऱ्या दोन विनाशिका नौदलात आल्या, ‘वायपर’ आणि ‘कोब्रा’. 1901च्या ऑगस्टमध्ये ‘वायपर’ सरावादरम्यान धुक्यात ऑल्डर्नी बेटाजवळच्या खडकांवर आपटली. माणसे वाचली. ‘कोब्रा’च्या वाट्याला एवढेही नशीब नव्हते. आर्मस्ट्राँगच्या कारखान्याने ती मागणी नसताना स्वतःच्या हिशेबाने बांधली होती आणि नौदलाने ती नंतर विकत घेतली. 18 सप्टेंबर 1901 रोजी, टाइन नदीवरून पोर्ट्समथकडे जाताना, उत्तर समुद्रात तिचे दोन तुकडे झाले. 67 जण गेले, 12 वाचले. मृतांत पार्सन्सच्या कारखान्याचे लोकही होते.

खलाशांनी आपला अर्थ लावला: सापांची नावे लाभत नाहीत. ‘सर्पेंट’ नावाची नौका 1890मध्ये बुडाली होतीच. ‘कोब्रा’च्या प्रकरणात लष्करी न्यायालयाने मात्र ना खडकाला दोष दिला, ना नाविकाला. सांगाडाच कमकुवत होता, असा निष्कर्ष काढला. टर्बाइनवर त्याचे खापर फुटले नाही, हे मला विशेष वाटते.

मग चौकशी समिती बसली आणि ‘वुल्फ’ या विनाशिकेवर एक नामी प्रयोग झाला. तिला कोरड्या गोदीत घेतले. एकदा फक्त मध्यावर आधार दिला, जणू ती लाटेच्या माथ्यावर चढली आहे. एकदा फक्त दोन टोकांना, जणू पोटाखालचे पाणीच सरकले आहे. गोदीतले पाणी हळूहळू उपसत पत्र्यांवर येणारा ताण मोजला. तो आकडेमोडीतल्या ताणापेक्षा कमी निघाला. म्हणजे बाकीच्या विनाशिका भीती होती तेवढ्या दुबळ्या नव्हत्या.

तरीही पुढच्या ‘रिव्हर’ वर्गात नौदलाने हट्ट सोडला. वेगाची अट 25.5 नॉटवर आणली, सांगाडा भक्कम केला आणि पुढचा डेक उंच उचलला. कागदावर साडेचार नॉट गेले. पण वाऱ्यापावसात जुन्या विनाशिका मागे रेंगाळत, तेव्हा या मुकाट्याने ताफ्यासोबत चालत राहिल्या.