मुदत पासवर्डला की खात्याला?

डेटाबेस बसवून सहा-सात महिने झालेले असतात. सगळं सुरळीत चालू असतं, कुणी कशाला हातही लावलेला नसतो. मग एका रात्री अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर नेहमीसारखा रीस्टार्ट होतो आणि काही केल्या डेटाबेसला जोडलाच जात नाही. लॉग (घडामोडींच्या नोंदींची फाइल) उघडला की ओळ दिसते: ओआरए-२८००१, पासवर्डची मुदत संपली आहे. ओरॅकल या डेटाबेसवर काम करणाऱ्या पुष्कळांना ही ओळ तोंडपाठ असते. पहिला संशय अर्थातच रीस्टार्टवर जातो, आणि तो बिचारा निर्दोष असतो.

ओरॅकलमध्ये प्रत्येक खात्याला एक प्रोफाइल जोडलेलं असतं. प्रोफाइल म्हणजे नियमांचा संच: पासवर्ड किती दिवस चालेल, किती वेळा चुकला तर खातं बंद होईल, वगैरे. २००७ साली आलेल्या ११जी आवृत्तीपासून डीफॉल्ट, म्हणजे वेगळं काही ठरवलं नाही तर लागू होणाऱ्या, प्रोफाइलमध्ये पासवर्डचं आयुष्य १८० दिवस ठेवलं गेलं. त्याआधी ते अमर्याद होतं. १८० दिवसांनंतर खातं लगेच बंद पडत नाही. त्यानंतर पहिल्यांदा लॉगिन झालं की सात दिवसांची सवलत सुरू होते आणि त्या काळात प्रत्येक लॉगिनला ओआरए-२८००२ हा इशारा मिळतो. समोर माणूस असेल तर तो वाचेल आणि पासवर्ड बदलेल. पण इथे लॉगिन करतंय अ‍ॅप्लिकेशन. इशारा फार तर लॉगमधल्या हजारो ओळींमध्ये जाऊन पडतो आणि काम पुढे चालू राहतं.

आता यातली खरी गोम पाहा. डेटाबेस पासवर्ड विचारतो तो फक्त दारात, आत शिरताना. एकदा आत आलेल्याला तो पुन्हा हटकत नाही. अ‍ॅप्लिकेशन दर वेळी नवं कनेक्शन उघडत बसत नाही. आधीच उघडून ठेवलेली कनेक्शन्स ते पुन्हा पुन्हा वापरतं. त्या साठ्याला कनेक्शन पूल म्हणतात. त्यामुळे पासवर्ड मेला तरी पूलमधली जुनी कनेक्शन्स निवांत चालू राहतात. ती तुटून नवी उघडायची वेळ येते तेव्हाच बोंब होते. बिघाड एका दिवशी होतो आणि दिसतो भलत्याच दिवशी.

मग घाईत डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, नवा पासवर्ड लावतो आणि तो अ‍ॅप्लिकेशनच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये बदलला जातो. पण तेच खातं वापरणारी रात्री आपोआप चालणारी एखादी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) कुणाच्या लक्षातच नसते. ती जुना पासवर्ड घेऊन दार ठोठावत राहते. डीफॉल्ट नियमानुसार दहा चुकीचे प्रयत्न झाले की खातं एक दिवसासाठी लॉक. आता योग्य पासवर्डवाल्यांनाही प्रवेश नाही: ओआरए-२८०००.

एवढा ताप देणारा नियम आला कुठून? डेटाबेस पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचा हॅश, म्हणजे सहज उलटवता न येणारं सांकेतिक रूप, ठेवतो. हॅश चोरीला गेला तर त्यावरून मूळ पासवर्ड शोधायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात पासवर्डच बदलला तर चोराच्या हाती जुनी किल्ली उरेल, असा तो हिशेब. कागदावर तो चोख आहे. पण सक्तीने बदलायला लावलं की माणूस नवा पासवर्ड शोधत नाही, जुन्याच्या शेवटी असलेला ‘१’ काढून ‘२’ लावतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या (चॅपल हिल) संशोधकांनी २०१० मध्ये ७,७०० हून अधिक जुन्या खात्यांचे पासवर्ड तपासले. आधीचा पासवर्ड माहीत असेल तर १७ टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड सरासरी पाच प्रयत्नांत ओळखता येत होता. २०१७ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेच सांगितलं की ठरावीक काळाने पासवर्ड बदलण्याची सक्ती करू नका. चोरीचा पुरावा दिसला की मात्र बदलायला लावा. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसने ५.७ मालिकेच्या सुरुवातीला ३६० दिवसांची डीफॉल्ट मुदत घातली होती, ती ५.७.११ मध्ये काढूनही टाकली.

माझं मत असं की मुदत हवी ती खात्याला. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं, दोन वर्षांपूर्वीच्या चाचणीसाठी उघडलेलं खातं, सगळ्या टीमने मिळून वापरलेलं एकच खातं: धोका इथे आहे. पोस्टग्रेस्क्यूएल या आणखी एका डेटाबेसमध्ये रोल (तिथे खात्याला रोल म्हणतात) तयार करताना ‘व्हॅलिड अनटिल’ अशी तारीख देता येते. नाव वाचून वाटतं की त्या तारखेला रोलच संपेल. तसं होत नाही. मुदत फक्त पासवर्डला लागते. तोच रोल पासवर्डऐवजी सर्टिफिकेटने (ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याने) लॉगिन होत असेल तर तारीख उलटल्यावरही तो खुशाल आत येतो. खरोखर दार बंद करायचं असेल तर त्या रोलचा लॉगिनचा अधिकारच काढून घ्यावा लागतो.

जुनी खाती पडून राहतात त्यामागे आळस असतो, पण भीतीही असते आणि ती अगदीच अनाठायी नाही. ओरॅकलमध्ये ज्याच्या मालकीची टेबलं (माहितीचे तक्ते) आहेत असं खातं काढायचं तर ‘कॅस्केड’ म्हणावं लागतं, आणि खात्याबरोबर ती टेबलंही जातात. पोस्टग्रेस्क्यूएल अशा रोलला हात लावू देत नाही. आधी मालकी दुसऱ्याच्या नावावर करा म्हणतं. म्हणून पहिली पायरी खातं लॉक करण्याची ठेवावी. महिनाभर कुणाची तक्रार आली नाही की मग काढायचा विचार.

राहिली अ‍ॅप्लिकेशनची खाती. त्यांचा पासवर्ड कधीच बदलू नये असं मी म्हणणार नाही. तो फाइलींमध्ये लिहिलेला असतो, आणि फाइली हातोहात फिरतात. अडचण एवढीच होती की दहा सर्व्हरवर तो एकाच क्षणी बदलता येत नाही. मायएसक्यूएल ८.०.१४ मध्ये यावर सुरेख तोड निघाली: एका खात्याला काही काळ दोन पासवर्ड. नवा लावा, जुनाही चालू ठेवा, एकेक सर्व्हर सावकाश नव्यावर आणा आणि मग जुना रद्द करा. पण ही शेवटची पायरी हाताने करायची असते, आणि ती विसरली की जुना पासवर्ड चालूच राहतो. ओरॅकलने २१सी मध्ये हीच सोय देताना त्या जोडकाळालाच मुदत लावली: कमीत कमी एक तास, जास्तीत जास्त ६० दिवस. ती संपली की जुना पासवर्ड आपोआप बाद होतो.