परदेशी विद्यापीठांतील अभ्यासक्रम आणि खान्देश

बारावी किंवा पदवी भारतात करून पुढचे शिक्षण दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात घेणाऱ्या विद्यार्थ्यांना कोणते अभ्यासक्रम घेता येतात, याचा हा परिचय जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या अंगाने केला आहे. खान्देशी घरात हा विषय निघतो तो देशाच्या नावाने. ‘मना आंडोर जर्मनीमा शे’ असे अहिराणीत कौतुकाने सांगणाऱ्या वडिलांना मुलगा तिथे काय शिकतो असे विचारले, तर उत्तर बहुधा ‘एमएस’ या दोन अक्षरांवर थांबते. फी, कर्ज, शिकून झाल्यावर तिथे राहण्याची मुदत आणि परतल्यावर मिळणारी मान्यता या गोष्टी मात्र देशाइतक्याच, पुष्कळदा देशापेक्षा जास्त, अभ्यासक्रमावर ठरतात. अमेरिकेत पदवीनंतर वर्षभर काम करण्याची मुभा सर्वांना असते. पण अभ्यासक्रम विज्ञान-तंत्रज्ञान-गणित गटात मोडत असेल तर तीत आणखी २४ महिन्यांची भर पडते. एकाच विद्यापीठातल्या, एकाच इमारतीतल्या दोन पदव्यांत हा दोन वर्षांचा फरक पडू शकतो.

पार्श्वभूमी : खान्देशातली महाविद्यालये १९९० पर्यंत पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. परदेशी विद्यापीठांकडे इथून जाणारी गुणपत्रके मुख्यतः याच विद्यापीठाची असतात. अभियांत्रिकीच्या काही महाविद्यालयांची लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची. जाता जाता नोंदवण्यासारखी गोष्ट म्हणजे एके काळी उच्च शिक्षणाची वाट उलट्या दिशेनेही वाहत होती. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढले आणि वेदान्त शिकायला बाहेरची माणसे या तालुक्याच्या गावी येऊ लागली. साने गुरुजी अमळनेरला आले तेही प्रथम तिथले विद्यार्थी म्हणून. शाळेतले शिक्षक ते नंतर झाले.

‘कोर्स’ या शब्दाचा घोळ : आपल्याकडे कोर्स म्हणजे अख्खी पदवी. ब्रिटनमध्येही तसेच, तिथे एकेका विषयाला मॉड्यूल म्हणतात. अमेरिकेत मात्र कोर्स म्हणजे एका सत्रातला एक विषय, आणि पदवीला प्रोग्रॅम म्हणतात. अर्ज भरताना या एका शब्दावर अनेक जण अडखळतात. खरी अडचण पुढे येते. चोपड्याचा आणि नवापूरचा विद्यार्थी आपल्याकडे एकच पेपर लिहितो, कारण काय शिकायचे ते अभ्यास मंडळाने ठरवून दिलेले असते. अमेरिकी विद्यापीठात विद्यार्थ्याच्या हाती विषयांची लांबलचक यादी पडते. क्रमांकावरून विषयाची पातळी कळते, अमुक विषयाआधी तमुक केलेला असावा अशी अट असते, आणि पहिल्या एकदोन आठवड्यांत विषय घेऊन पाहता येतो, नको वाटला तर सोडता येतो. ‘नेमके काय घ्यायचे ते सांगा’ असे म्हणायची सवय असलेल्याला हे स्वातंत्र्य सुरुवातीला ओझेच वाटते. जर्मन विद्यापीठे प्रत्येक विषयाचा आशय, तास आणि परीक्षेचा प्रकार छापील पुस्तिकेत देतात. ही पुस्तिका अर्ज करण्याआधी वाचणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. खरे तर माहितीपत्रकावरच्या हिरवळीच्या फोटोंपेक्षा तिच्यात कितीतरी जास्त असते.

श्रेयांक व गुण : युरोपात १९९९ च्या बोलोन्या करारापासून पदव्यांची रचना सारखी होत गेली. तिथे पूर्ण वेळेच्या एका वर्षाला ६० श्रेयांक (क्रेडिट) धरतात आणि एका श्रेयांकामागे अभ्यासाचे २५ ते ३० तास. तीन वर्षांची पदवी म्हणजे १८० श्रेयांक. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० श्रेयांक, तर एका वर्षाच्या पदव्युत्तर पदवीला १८०. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला साधारण १२०. भारतीय विद्यापीठाचे श्रेयांक या मापांत बसवताना प्रवेश समित्या नुसती बेरीज करत नाहीत, विषयवार अभ्यासक्रम मागतात. म्हणून जुन्या अभ्यासक्रमाच्या साक्षांकित प्रती जमवणे हे इथल्या विद्यार्थ्याचे पहिले आणि कंटाळवाणे काम ठरते.

जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण आणि ४.० ही उत्तीर्णतेची सीमा. भारतीय गुण बदलण्यासाठी तिथे एक सूत्र वापरतात : कमाल गुणांतून मिळालेले वजा करायचे, त्याला कमाल व किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचे, तीनने गुणून एक मिळवायचा. दहापैकी ८ सीजीपीए असलेल्या आणि ४ वर पास होणाऱ्याचा जर्मन गुण त्यामुळे २.० येतो. पुष्कळ अभ्यासक्रमांची प्रवेशमर्यादा २.५ च्या आसपास असते. ती या हिशेबात बरोबर ७ सीजीपीएवर येते. हे गणित दुसऱ्या वर्षालाच करून पाहिले तर शेवटच्या सत्रात धावाधाव होत नाही.

तीन वर्षांची पदवी : बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्यांची कोंडी इथे होते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांच्या पदवीवर थेट पदव्युत्तर प्रवेश मिळतो, कारण तिथलीच पदवी तीन वर्षांची असते. अमेरिकेतली अनेक विद्यापीठे सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. आपले पंधरा भरते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार आलेल्या चार वर्षांच्या पदवीने ही फट बुजते. पण चौथे वर्ष केवळ परदेशासाठी करायचे का, हा प्रश्न उरतोच. अभियांत्रिकीवाल्यांना ही अडचण नसते. बाहेर जाणाऱ्यांत त्यांची गर्दी दिसते त्याचे एक कारण हेही आहे. ते बहुतेक संगणकशास्त्र, डेटा सायन्स, यंत्र किंवा विद्युत अभियांत्रिकी घेतात आणि त्यांच्याविषयी माहिती सगळीकडे मिळते, म्हणून इथे विस्तार केलेला नाही.

औषधनिर्माण : शिरपूरपासून चोपड्यापर्यंत खान्देशात फार्मसीची महाविद्यालये बरीच आहेत आणि फसगतही इथेच जास्त होते. चार वर्षांची बी.फार्म. करून अमेरिकेत एम.एस. करता येते; विषय असतात औषधनिर्माणशास्त्र, औषध नियमन, क्लिनिकल संशोधन. मात्र त्या एम.एस.ने तिथे औषधविक्रेता-फार्मासिस्ट होता येत नाही. परदेशी पदवीधराला फार्मासिस्टच्या परवान्याच्या वाटेला लागण्यासाठी जी छाननी पार करावी लागते, तिच्यात १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांची पदवी किमान पाच वर्षांची असावी अशी अट आहे. सहा वर्षांची फार्म.डी. या अटीत बसते, बी.फार्म. बसत नाही. ब्रिटनमध्ये परदेशी फार्मासिस्टसाठी एका वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रम असतो आणि त्यानंतर प्रशिक्षण व परीक्षा. ‘फार्मसीत एमएस’ आणि ‘फार्मासिस्ट’ यांतला हा फरक पैसे भरून झाल्यावर कळलेली घरे थोडी नाहीत.

शेती व वस्त्रविद्या : जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण केळीसाठी परदेशी जायचे असते हे रावेर-यावलच्या पट्ट्यातही फारसे कुणाच्या मनात येत नाही. केळीच्या वाणांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात आहे. तिथे दीड हजारांहून अधिक वाण जतन केलेले आहेत आणि ते काचनळीतल्या रोपांच्या रूपात जगभर पाठवले जातात. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात केळीच्या मर रोगावर, म्हणजे पनामा रोगाच्या नव्या प्रकारावर, संशोधन चालते. दोन्हीकडे पीकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र व जैवतंत्रज्ञानाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून आहेत. इस्रायलच्या हिब्रू विद्यापीठाची कृषी विद्याशाखा रेहोव्होतला आहे; ठिबकवर वाढलेल्या इथल्या मुलाला तिचे विषय ओळखीचे वाटावेत. कापसाच्या अंगाने पाहिले तर आखेन व ड्रेस्डेन ही जर्मन तंत्र विद्यापीठे आणि अमेरिकेतले नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ वस्त्र अभियांत्रिकीसाठी नावाजलेली आहेत. बी.एस्सी. कृषी चार वर्षांची असल्याने सोळा वर्षांचा अडसरही नाही. तरी ही पदवी घेऊन बहुतेक जण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात.

वैद्यकीय अभ्यासक्रम : रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स या देशांत एमबीबीएसच्या बरोबरीची मानली जाणारी पदवी घ्यायला खान्देशातून मुले-मुली जातात. जून २०२४ मध्ये रशियातल्या वोल्खोव्ह नदीत चार भारतीय विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यांत जळगाव जिल्ह्यातले विद्यार्थी होते. ही वाट आता किती रुळलेली आहे हे पुष्कळांना त्या बातमीने प्रथम कळले.

या शाखेत अभ्यासक्रमाची रचना तपासणे सर्वांत गरजेचे आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्यानंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत व्हावी, शिकवण्याचे माध्यम इंग्रजी असावे, आणि त्या पदवीवर त्या देशातच वैद्यकी करण्याचा परवाना मिळू शकत असावा. भारतात आल्यावर पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. सगळे मिळून दहा वर्षांच्या आत. जाण्यापूर्वी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण असणे २०१८ पासून बंधनकारक आहे, आणि परतल्यावर ३०० पैकी १५० गुणांची चाळणी परीक्षा द्यावी लागते. ‘त्याच संस्थेत’ हे शब्द किती जड आहेत ते २०२२ मध्ये युक्रेनमधून परतलेल्यांना कळले. त्यांना दुसऱ्या देशात शिकता यावे म्हणून आयोगाला खास सवलत काढावी लागली. प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटांच्या हॉटेलातल्या सेमिनारमध्ये वसतिगृहातल्या भारतीय जेवणावर जितका वेळ बोलले जाते, तितका या चार अटींवर बोलले जात नाही. पालकांनीच नियमावलीची प्रत पुढे करून एकेक अट विचारावी, हे बरे.

अल्पकालीन व संयुक्त अभ्यासक्रम : सगळी पदवी बाहेर करणे हाच एक मार्ग नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी तीन प्रकार मान्य केले. जोड अभ्यासक्रमात परदेशात मिळवलेले श्रेयांक ३० टक्क्यांपर्यंत चालतात. संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांकडे किमान ३० टक्के हवेत. दुहेरी पदवीत भारतीय संस्थेत किमान ३० टक्के पूर्ण करावे लागतात आणि दोन्ही विद्यापीठे आपापली पदवी देतात. युरोपातला इरॅस्मुस मुंडुस हा पदव्युत्तर अभ्यासक्रम वेगळ्या धर्तीचा : किमान दोन देशांत शिकायचे, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ होऊन दरमहा १,४०० युरो हाती येतात. अर्जासाठी खर्च जवळजवळ नसतो. खान्देशातल्या महाविद्यालयांच्या फलकावर मात्र त्याची जाहिरात सहसा दिसत नाही.

पैसा : जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. ‘जर्मनीत फुकट’ ही म्हण मात्र अर्धीच खरी. वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा) आधीच रोखून ठेवलेल्या (ब्लॉक्ड) खात्यात ठेवावे लागतात. ब्रिटनला जाताना ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस दाखवावी लागते. सप्टेंबरच्या प्रवेशासाठी ही जमवाजमव मे ते जुलैत येते, म्हणजे घरातला पैसा बियाणे-खतात गेलेला असतो तेव्हा. कापसाचे पैसे दिवाळीनंतरचे. मामा, काका, दूध संघातले मित्र यांच्याकडून महिनाभरासाठी रक्कम फिरवून आणण्याची प्रथा यातूनच आली आहे.

कर्जाची गोष्ट आणखी चमत्कारिक. बँकांच्या नमुना योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदारावर भागते, त्यापुढे तारण. तारण म्हणून शेतकरी सातबारा पुढे करतो आणि बँक तो परत करते. बुडीत कर्जाच्या वसुलीचा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे बँकांना शैक्षणिक कर्जासाठी शेती तारण घेण्यात रस नसतो. दहा एकर काळी कसदार जमीन आणि केळीचा बाग असलेल्या माणसाला कर्ज मिळत नाही, पण जळगाव-धुळ्याच्या हद्दीवर एन.ए. (बिगरशेती) प्लॉट असलेल्या नोकरदाराला मिळते. उरतो तो विनातारण, चढ्या व्याजाचा मार्ग, आणि तिथे वित्तसंस्था विद्यापीठ व अभ्यासक्रम यांची स्वतःची यादी पाहून कर्ज ठरवतात.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जमातींसाठी राज्याच्या आदिवासी विकास विभागाची योजना आहे, तर केंद्राच्या योजनेत देशभरासाठी २० जागा, त्यांतल्या ३ विशेष असुरक्षित जमातींसाठी. भिल्ल, पावरा, कोकणी वस्तीच्या नंदुरबारसाठी या योजना सर्वांत महत्त्वाच्या, आणि जागा किती ते वर दिलेच आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास वगळण्यात आला. भूमिहीन शेतमजुराच्या मुलीला सातपुड्याच्या इतिहासावर परदेशात संशोधन करायचे असेल, तर तिच्या विषयाला ही दारे बंद आहेत. सातपुड्याच्या खडकांवर करायचे असेल तर उघडी.

मान्यता : परदेशी पदवीला भारतात समकक्षता देण्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये नवे विनियम काढले. वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, कायदा, वास्तुकला यांसारख्या शाखा त्यांतून वगळल्या आहेत. त्यांची मान्यता त्या त्या परिषदेकडे. दरम्यान परदेशी विद्यापीठेच इकडे येऊ लागली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या डीकिन विद्यापीठाने २०२४ मध्ये गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत सायबर सुरक्षा व बिझनेस अॅनालिटिक्सचे पदव्युत्तर वर्ग सुरू केले. नंदुरबारहून तिथे सुरतमार्गे जाता येते, व्हिसा लागत नाही. शिकून झाल्यावर ऑस्ट्रेलियात काही वर्षे नोकरी करण्याची मुभा मात्र त्या वर्गांतून मिळत नाही, आणि खान्देशातून बाहेर पडणाऱ्या पुष्कळांच्या कर्जाचे गणित त्याच नोकरीवर मांडलेले असते.