कॅपाब्लांकाची अपराजित आठ वर्षं आणि त्याचं जगज्जेतेपद

‘कॅपाब्लांका आठ वर्षं जगज्जेता होता आणि त्या काळात एकही डाव हरला नाही.’ क्यूबाच्या या बुद्धिबळपटूबद्दलच्या लेखांत हे वाक्य पुन्हा पुन्हा दिसतं आणि दर वेळी डोकं फिरतं. दोन निराळ्या कालखंडांची ही सरमिसळ आहे.

जगज्जेतेपदाचं बहुतेकांना ठाऊक असतं. १९२१ मध्ये हवानात, स्वतःच्याच गावी, तेव्हाचा जगज्जेता लास्कर याला हरवून त्याने ते मिळवलं. १९२७ च्या अखेरीस ब्युनोस आयर्समध्ये ते आव्हानवीर आलेखिनकडे गेलं. ही झाली साडेसहा वर्षं.

आठ वर्षं आहेत ती न हरण्याची. फेब्रुवारी १९१६ मध्ये न्यूयॉर्कला तो ऑस्कर चायेसकडून हरला, त्यानंतर थेट मार्च १९२४ मध्ये, पुन्हा न्यूयॉर्कलाच, रिचर्ड रेटीकडून. मधल्या ६३ डावांत ४० विजय, २३ बरोबरी. यातली पहिली पाच वर्षं तो जगज्जेता नव्हताच.

खरी गफलत होते ती रेटीच्या डावापाशी. रेटीने घोड्याने सुरुवात केली, दोन्ही उंट बाजूला बसवून लांब कर्णांवर रोखले आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कॅपाब्लांकाची कोंडी करत नेली. ३१ व्या खेळीनंतर कॅपाब्लांकाने डाव सोडला. ‘इथे त्याचं राज्य संपलं’ असं लोक बिनदिक्कत लिहितात. अहो, त्या काळी स्पर्धेतल्या हरण्याने किताब जात नसे! आव्हानवीराने जगज्जेत्याशी स्वतंत्र सामना खेळून तो जिंकावा लागे. १९२२ च्या लंडन नियमांप्रमाणे सहा डाव जिंकायचे, बरोबरी मोजायची नाही, शिवाय किमान १०,००० डॉलरचं बक्षीस उभं करायचं. म्हणून १९२४ ची ती स्पर्धा लास्करने जिंकली, १९२५ मध्ये मॉस्कोत कॅपाब्लांका दोन डाव हरून तिसरा आला, तरी किताब त्याच्याकडेच राहिला.

उलटही तितकंच खरं: स्पर्धा जिंकून किताब टिकतही नसे. १९२७ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कची स्पर्धा त्याने आलेखिनच्या अडीच गुण पुढे राहून जिंकली. तोवर आलेखिनला त्याच्याविरुद्ध एकही डाव जिंकता आला नव्हता. त्याच वर्षी जगज्जेतेपदाच्या सामन्यातला पहिलाच डाव आलेखिनने घेतला आणि ३४ डावांनंतर किताबही.

‘अपराजित जगज्जेता’ म्हणायचंच असेल, तर १९२१ ते १९२४ या तीन वर्षांपुरतं म्हणा. माझ्या लेखी त्यातली सर्वांत देखणी कामगिरी लंडन १९२२ ची: १५ डाव, ११ विजय, ४ बरोबरी, आणि आलेखिन दुसरा.