२४० रेषा आणि गोंधळलेला टीव्ही

जुन्या गेममध्ये शत्रूचा फटका बसला की नायक क्षणभर लुकलुकतो. एका फ्रेममध्ये दिसतो, पुढच्या फ्रेममध्ये नसतो, मग पुन्हा दिसतो. तोच गेम मूळ कन्सोलवरून आजच्या फ्लॅट टीव्हीवर लावला, तर कधी नायक तेवढा वेळ पूर्णच नाहीसा होतो, नाहीतर त्याच्या अंगावर बारीक आडव्या पट्ट्या उमटतात. कन्सोल बिघडलेला नसतो. टीव्हीने सिग्नलचा अर्थ भलताच लावलेला असतो. खापर मात्र फुटतं कमी रिझोल्यूशनच्या माथी.

जपान आणि अमेरिकेत पूर्वी वापरात असलेल्या एनटीएससी या प्रक्षेपण पद्धतीत एक चित्र ५२५ रेषांचं असे आणि ते दोन हप्त्यांत पाठवलं जाई: आधी एकाआड एक रेषा, मग त्यांच्या मधल्या. अशा एका हप्त्याला फील्ड म्हणतात. सेकंदाला साधारण ६० फील्ड येत. ५२५ चे दोन समान भाग केले की प्रत्येकी २६२.५ रेषा. या अर्ध्या रेषेतच सगळी गंमत आहे. तिच्यामुळे पुढचं फील्ड किंचित सरकतं आणि आधीच्या रेषांच्या फटींत नेमकं बसतं.

कन्सोल बनवणाऱ्यांनी ती अर्धी रेषाच गाळली. फील्डमध्ये पूर्ण २६२ रेषा पाठवल्या, की प्रत्येक फील्ड आधीच्याच जागी येऊन पडतं. मधल्या फटी काळ्या राहतात, पण सेकंदाला ६० पूर्ण, न थरथरणारी चित्रं मिळतात. यातल्या चित्राच्या रेषा जास्तीत जास्त २४०, म्हणून या सिग्नलला २४०पी म्हणतात. १९८३ चा फॅमिकॉम, १९८८ चा मेगा ड्राइव्ह, १९९४ चा प्लेस्टेशन, सगळ्यांनी हीच युक्ती वापरली. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला त्याचं काहीच वाटत नसे. इशारा आला की नवी रेषा आखायची, एवढंच त्याला ठाऊक.

आजचा टीव्ही हुशार आहे, आणि तीच अडचण आहे. पुष्कळ टीव्ही २४०पी ओळखतच नाहीत. येणारं प्रत्येक फील्ड म्हणजे अर्धं चित्र असं धरून ते दोन वेगळ्या क्षणांची चित्रं एकमेकांत विणतात. एका चित्रात नायक आहे, दुसऱ्यात नाही. विणल्यावर त्याच्या पट्ट्या होणारच. शिवाय विणायचं तर पुढच्या फील्डची वाट पाहावी लागते. एक फील्ड म्हणजे १६.७ मिलिसेकंद. असे दोन-तीन साचले की उडीचं बटण वेळेवर दाबूनही नायक खड्ड्यात पडतो. काही टीव्ही तर हा सिग्नल घ्यायलाच नकार देतात.

उपाय म्हणजे टीव्हीला विचार करायची संधीच न देणं. ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखे स्केलर, म्हणजे कन्सोल आणि टीव्हीच्या मध्ये लावायचे डबे, २४०पी बरोबर ओळखतात आणि टीव्हीला समजेल असं डिजिटल चित्र करून देतात. ओएसएससी तर पूर्ण फ्रेम साठवून ठेवत नाही, रेषा येईल तशी पटींत वाढवून पुढे पाठवतो, त्यामुळे उशीर जवळपास शून्य. स्वस्तातले एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर मात्र बहुधा टीव्हीचीच चूक आधी करून ठेवतात. तो खर्च न केलेलाच बरा.

पटींचं गणितही पाहण्यासारखं आहे. १०८० ला २४० ने भागलं तर साडेचार येतात. मग काही रेषा चार पिक्सेल जाड होतात, काही पाच, आणि दृश्य वर-खाली सरकलं की चित्र लाटेसारखं हलतं. चौपट करून वर-खाली काळी पट्टी सोसायची, किंवा पाचपट करून कडा कापायच्या. ४के टीव्हीच्या २१६० रेषा मात्र बरोबर नऊ पट. रुंदी ४:३ च्या प्रमाणातच ठेवावी. पडदा भरण्यासाठी चित्र ताणलं की गोल चेंडू लंबगोल होतो.

आता केबल. पिवळ्या पिनच्या कंपोझिट केबलमध्ये उजेड आणि रंग एकाच तारेतून येतात. रंगाची लहर ३.५८ मेगाहर्ट्झवर असते. चित्रातला बारीक तपशील तिच्या जवळपास गेला की टीव्ही त्यालाच रंग समजतो आणि उभ्या बारीक रेघांवर इंद्रधनुष्य उमटतं. एस-व्हिडिओत दोन्ही वेगळे असतात, आरजीबीत तर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग स्वतंत्र. मूळ एनईएसची, म्हणजे अमेरिकेत विकल्या गेलेल्या फॅमिकॉमची, चित्र बनवणारी चिपच थेट कंपोझिट सिग्नल तयार करते, त्यामुळे कन्सोल उघडून बदल केल्याशिवाय त्यातून आरजीबी मिळत नाही.

पण जितकं स्वच्छ तितकं अस्सल, असंही नाही. १९९१ च्या 'सॉनिक द हेजहॉग'मधला धबधबा एकाआड एक उभ्या रेघांनी काढलेला आहे. मेगा ड्राइव्हच्या कंपोझिट सिग्नलमध्ये त्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक दिसतं. आरजीबीवर तिथे नुसते गज दिसतात. आरजीबीचे कट्टर भक्त हे सहसा बोलत नाहीत.

पैसे खर्च करण्याआधी टीव्हीची सेटिंग बघावीत. गेम मोड चालू, मोशन स्मूदिंग बंद, शार्पनेस खाली. उशीर याने बराच कमी होतो, पट्ट्या मात्र जात नाहीत.

एका गोष्टीला स्केलरही पुरा पडत नाही: एनईएसवरच्या 'डक हंट' या बदकं टिपायच्या गेमची बंदूक. चाप ओढला की पडदा काळा होतो आणि पुढच्या फ्रेममध्ये बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीला तो उजेड ठरलेल्या क्षणीच दिसावा लागतो, आणि तोही ट्यूबवर रेषा आखणाऱ्या किरणाच्या लयीत लुकलुकणारा. एलसीडीचा उजेड उशिरा येतो आणि त्या लयीत नसतो. ही बंदूक चालवायची तर पिक्चर ट्यूबचाच टीव्ही हवा.