पिकअप उचलली, अ‍ॅक्सल मात्र तिथंच: थरथरणारा शाफ्ट आणि अडकणारा गेअर

अमेरिकेत पिकअप घ्यायची आणि मग ती उचलायची ही फार जुनी हौस आहे, टोयोटा टॅकोमा म्हणा, फोर्ड रेंजर म्हणा, दोन इंच, तीन इंच, चार इंच अशी लिफ्ट किट तयार मिळतात आणि बरेच जण शनिवार-रविवारी घरच्या घरीच बसवतात. गाडी दिसते एकदम रुबाबदार. सोमवारी कामावर निघालं की तक्रारी सुरू: सिग्नलवरून उठताना बुडाखाली थरथर, थांबताना खालून ठक्क, दुसरा गेअर धड बसत नाही. पहिला संशय अर्थातच गेअरबॉक्सवर जातो. माझं मत विचाराल तर गेअरबॉक्स उघडायच्या आधी गाडीखाली झोपा आणि शाफ्टचे अँगल मोजा, कारण भानगड बहुतेक वेळा भूमितीची असते.

लिफ्ट केल्यावर नेमकं काय वर जातं ते आधी बघू. चेसिस वर जाते, तिच्यासोबत इंजिन, गेअरबॉक्स, केबिन सगळं वर जातं. मागचा अ‍ॅक्सल मात्र इंचभरही हलत नाही, कारण त्याची जमिनीपासूनची उंची टायर ठरवतो, पाटे (लीफ स्प्रिंग) नाही. म्हणजे गेअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचा मधला डबा) यांना जोडणारा जो प्रोपेलर शाफ्ट आहे त्याला आता जास्त तिरकं व्हावं लागतं. किती तिरकं, तर ते शाफ्टच्या लांबीवर आहे. चार इंच म्हणजे साधारण १० सेंटीमीटर उचललं आणि शाफ्ट १३० सेंटीमीटरचा सलग असेल तर अँगल साडेचार डिग्रीच्या आसपास वाढतो, पण आखूड जीपचा ४५ सेंटीमीटरचा शाफ्ट असेल तर तेवढ्याच लिफ्टला जवळजवळ १३ डिग्री. आखूड गाडीवाले जास्त रडतात ते उगीच नाही.

यावरून वाटेल की लांब पिकअपला काळजी नाही. पण लांब पिकअपमध्ये शाफ्ट बऱ्याचदा दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये सेंटर बेअरिंग असतं, ते बेअरिंग चेसिसला टांगलेलं, त्यामुळे पुढचा तुकडा चेसिसबरोबर जसाच्या तसा वर जातो आणि सगळा जादा अँगल एकट्या मागच्या तुकड्याच्या वाट्याला येतो. तो तुकडा ७५ सेंटीमीटरचा धरला तर १० सेंटीमीटरला साडेसात डिग्रीच्या पुढे. सेंटर बेअरिंगखाली पॅकिंग देऊन ते थोडं खाली घेतात ते यासाठीच, अँगल दोन तुकड्यांत वाटला जातो. पण पॅकिंग जास्त झालं की पुढच्या जॉइंटला नको तेवढा अँगल येतो आणि थरथर उलट वाढते, म्हणून एकाच किटने एकाची गाडी शांत होते आणि दुसऱ्याची जास्त बोंबलते.

आता अँगल वाढला तर थरथर का, हे समजायला सॉकेट सेटमधला यूजे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, हातात घ्या. तो ४५ डिग्रीत वाकवा, एक टोक हळूहळू एकसारखं फिरवा आणि दुसऱ्या टोकाकडे बघा. ते एकसारखं फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतं आणि दोनदा मागे रेंगाळतं. ४५ डिग्रीला हा फरक डोळ्यांना दिसतो, तिथं वेग १.४१ पट ते ०.७१ पट असा वरखाली होतो. या जॉइंटला इटलीच्या कार्दानोचं नाव आहे, १७व्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला आणि मोटारीसाठी त्याला कामाचं रूप दिलं अमेरिकेच्या क्लॅरेन्स स्पायसरने, पेटंट १९०३ सालचं. आपल्या गॅरेजमध्ये त्याला नुसतं क्रॉस म्हणतात.

शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस असतो तो याचसाठी. पुढच्याने केलेला चढउतार मागच्याने उलटा करून मिटवायचा. पण हे जमायला दोन्हीकडचा अँगल सारखा हवा आणि दोन्ही योक (क्रॉसला धरणारे दोन फाट्यांचे तुकडे) एका रेषेत हवेत. समजा गेअरबॉक्सचा शेपटाकडचा उतार ५ डिग्री, शाफ्टचा ९ डिग्री, पिनियनचा (हाउसिंगमधला छोटा गेअर, ज्याला शाफ्ट जोडतो) पुन्हा ५ डिग्री. पुढे ४, मागे ४, हिशोब मिटला. चार इंच लिफ्टनंतर शाफ्ट १३.४ डिग्रीवर गेला तर दोन्हीकडे ८.४. अजूनही सारखेच, पण मधला शाफ्ट मात्र प्रत्येक फेऱ्यात आधीपेक्षा चौपटीहून जास्त झटके खातोय, कारण वेगाचा चढउतार अँगलच्या वर्गाने वाढतो: ४ डिग्रीला पाव टक्का, ८.४ ला एक टक्क्याच्या वर. टोकं शांत असली तरी मधल्या लोखंडाला वजन आहे, त्याचे झटके सेंटर बेअरिंग आणि गेअरबॉक्सच्या रबर माउंटिंगवर येतातच. हायवेच्या स्पीडला साध्या क्रॉसला ३ डिग्रीच्या आत ठेवा असं शाफ्ट बनवणारे सांगतात, आणि अगदी शून्यही नको, थोडा अँगल असला तरच आतल्या सुया फिरत राहतात नाहीतर एकाच जागी खड्डे पाडतात.

इथं हौशी लोकांची एक ठरलेली गंमत होते. शाफ्ट फार तिरका दिसतो म्हणून पाट्याखाली पाचर घालतात आणि पिनियनचं तोंड थेट शाफ्टच्या रेषेत आणतात. दिसायला छान सरळ. पण आता मागचा अँगल जवळजवळ शून्य आणि पुढचा ८.४, म्हणजे मिटवणारा कोणी उरलाच नाही, तो एक टक्क्याचा चढउतार सरळ हाउसिंगमध्ये. अशी सरळ रेष फक्त डबल कार्डन शाफ्टला चालते, ज्यात गेअरबॉक्सकडच्या टोकाला दोन क्रॉस पाठोपाठ असतात आणि आपसात हिशोब मिटवतात.

थरथर कुठल्या स्पीडला येते त्यावरून बरंच कळतं. १५ ते ४० च्या दरम्यान, उठताना, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना येते आणि पुढे गायब होते, ती टॉर्कची थरथर. तिरक्या क्रॉसमधून जोर गेला की तो शाफ्टला बाजूलाही ढकलतो, जोर जेवढा जास्त तेवढा धक्का जास्त. त्यात जोर लागला की पाटे पिळले जातात, पिनियनचं नाक वर उचललं जातं आणि मोजलेले अँगल त्या क्षणापुरते बदलतात. अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळे घालून केलेल्या लिफ्टमध्ये हा पीळ सगळ्यात वाईट, मला तो प्रकार मुळातच आवडत नाही. म्हणून पाट्यांच्या गाडीत पिनियन उभ्या गाडीत डिग्री-दोन डिग्री खाली ठेवतात. याउलट ८०-९० नंतर सुरू होणारी आणि स्पीडबरोबर वाढणारी गुणगुण ही अँगलची किंवा बॅलन्सची. मोजताना गाडी सपाटीवर, चाकांवर उभी हवी, जॅकवर लटकवलेल्या अ‍ॅक्सलचं माप काही कामाचं नाही.

आता गेअर. अँगल कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गेअरबॉक्सच्या क्रॉस मेंबरखाली इंचभराचे स्पेसर घालून शेपूट खाली घेणं. इंजिन पुढच्या माउंटिंगवर किंचित झुलतं, गेअरबॉक्सची शेपटी खाली जाते आणि गेअरच्या दांड्याचं वरचं टोक मागे, सीटकडे येतं. दुसरा, चौथा मागे ओढून टाकायचा असतो, पण दांडा आता फ्लोअरच्या भोकाच्या मागच्या कडेला किंवा कडक रबरी बूटाला आधीच टेकतो, गेअर पूर्ण बसतच नाही आणि जोर सोडला की उडतो. बॉडी लिफ्टमध्ये तर केबिन वर जाते आणि दांडा चेसिसबरोबर खालीच, त्यामुळे तो आखूड वाटतो. बूट आणि कन्सोलची पट्टी काढा, तशीच गाडी चालवून बघा, गेअर मऊ बसायला लागला तर आतले दात-सिंक्रो सगळे ठीक आहेत. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या डब्याच्या) लिंकेजचा एखादा ब्रॅकेट बॉडीवर असेल तर फोर लो अर्धवट लागून उडण्याचं कारणही तेच.

थांबताना येणारा ठक्क वेगळा. अ‍ॅक्सल वरखाली झाला की शाफ्टची लांबी बदलते, ती सांभाळायला स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या लांब खाचांवर) सरकणारा योक असतो. ब्रेक मारला, पाटे पिळले, गाडी थांबली, पाटे मोकळे होताना कोरडा योक आधी अडकतो आणि मग एकदम सरकतो. ऑटोमॅटिक गाडीत हे हुबेहूब दोनमधून एकवर गेअर आपटल्यासारखं लागतं, लोक गेअर ऑइल बदलत बसतात, आणि काम असतं ते स्प्लाइनला ग्रीस लावायचं.

आपल्याकडे इसुझू व्ही-क्रॉस आणि जुनी थार, दोन्हींना मागे पाटे, त्यामुळे वरचं सगळं लागू पडतं. फक्त २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल करता येणार नाहीत, तेव्हा आरटीओत काय होईल ते ज्याचं त्याने बघावं.

राहिला टायर. लिफ्टनंतर ३०.६ इंचाच्या जागी ३३ इंची टायर आला की गाडीचं गिअरिंग ८ टक्के उंच होतं, ४.१० चा (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.१० फेरे) अ‍ॅक्सल ३.८० असल्यासारखा वागतो, पाचवा मेल्यासारखा वाटतो, ऑटोमॅटिक सारखा खालच्या गेअरवर पळतो, आणि स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा खरे १०८ असतात. मग लोक ४.५६ चे क्राउन-पिनियन (हाउसिंगमधली गेअरची जोडी) टाकतात, ओढ परत येते. पण खऱ्या १०० च्या स्पीडला सेकंदाला ४३ च्या आसपास फिरणारा शाफ्ट आता ४८ च्या आसपास फिरतो, झटके स्पीडच्याही वर्गाने वाढतात, म्हणजे साधारण पाव पट जास्त, आणि मोठ्या टायरच्या दिवसांत खपून गेलेली थरथर नवीन क्राउन-पिनियन टाकल्यावर बाहेर येते, शिव्या मात्र फिटरला पडतात.