व्हिसाचं काम एकाचं, करणारा दुसरा, मग बिल कुणाला?

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, काढणाऱ्यांना हे नवीन नाही, जायचं असतं एका देशात आणि फाईल तपासतो भलताच देश. ज्याचं आपल्याकडे कॉन्सुलेट (वाणिज्य दूतावास) नाही किंवा व्हिसा विभाग नाही त्याचं काम दुसरा सदस्य देश करून देतो. आता हे फुकट का करायचं, एका सरकारने दुसऱ्याला बिल लावायला काय हरकत आहे, असा प्रश्न निघाला की लोकांना तो आजचा वाटतो, पण त्याच्यामागे शंभर वर्षांचा घोळ आहे.

पहिल्या महायुद्धाआधी युरोपात बऱ्याच ठिकाणी पासपोर्ट-व्हिसाशिवाय फिरता यायचं. युद्धात हेरांच्या भीतीने कडक तपासणी सुरू झाली आणि युद्ध संपलं तरी ती काही गेली नाही, शिवाय फी लावता येते हेही सरकारांच्या लक्षात आलं होतं. 1920 मध्ये लीग ऑफ नेशन्स, म्हणजे आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना, तिच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद झाली, तिथे व्हिसाची फी 10 सुवर्ण फ्रँकच्या वर नसावी अशी शिफारस केली गेली. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून 10 डॉलर लावले, 1 अर्जाचा आणि 9 व्हिसाचे. झालं, मग बाकीचे देश म्हणाले आम्ही पण अमेरिकनांकडून तेवढेच घेणार! शेवटी 1925 मध्ये अमेरिकेने कायदा करून, तुम्ही सोडा आम्ही पण सोडतो, अशी सोय केली. भांडण दोन सरकारांचं आणि खिशाला चाट प्रवाशाच्या. अर्जेंटिनाने 2009 पासून 2016 पर्यंत अमेरिकन पर्यटकांकडून जी जशास तशी फी घेतली तीही याच घराण्यातली.

दुसऱ्याच्या वतीने काम करायचं म्हणाल तर कॉन्सुलेटच्या कामाचे नियम ठरवणाऱ्या 1963 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 8 आहे. यजमान देशाला कळवायचं, त्याने हरकत घेतली नाही तर एका देशाचं कॉन्सुलेट तिसऱ्या देशाचं काम करू शकतं. कलम 39 म्हणतं की कॉन्सुलेटला आपल्या कामाची फी घेता येईल. पण ज्याचं काम केलं त्याने करणाऱ्याला काय द्यायचं, यावर हे कलम 8 गप्प. ते ज्याचं त्याने आपसात बघायचं.

आपसात म्हणजे बहुतेक वेळा परतफेड, मी तुझं इथे करतो तू माझं तिथे कर. 1985 मध्ये शेंगेन करार झाला, 1995 मध्ये सीमेवरची तपासणी प्रत्यक्षात बंद झाली, आणि एकच व्हिसा सगळीकडे चालायला लागल्यावर ही पद्धत फारच सोयीची ठरली. 2010 पासून लागू झालेल्या व्हिसा कोडमध्ये, म्हणजे युरोपियन युनियनच्या व्हिसाच्या नियमावलीत, हे सगळं लेखी आलं. त्यातही कलम 8 च (योगायोग), आणि तिथे मात्र स्पष्ट लिहिलंय की ज्याचं काम केलं जातंय त्या देशाने जागा, माणसं आणि पैसे द्यावेत असं दोघे ठरवू शकतात, विशेषतः त्याचं स्वतःचं कॉन्सुलेट तिथे असेल तर. म्हणजे बिल लावायची मुभा आहे, सक्ती नाही.

याच काळात गणित बदललं ते आपल्या मुंबईतून. 2001 मध्ये झुबिन कारकारिया यांनी कुओनी या पर्यटन कंपनीत व्हीएफएस, म्हणजे व्हिसाचे अर्ज गोळा करणारी कंपनी, सुरू केली आणि पहिलं काम मिळालं अमेरिकेच्या मुंबई कॉन्सुलेटचं. ते तेव्हा ब्रीच कँडीला होतं, बाहेर भुलाभाई देसाई रोडवर लागणाऱ्या लायनी जुन्या लोकांना आठवत असतील. कागद गोळा करायचे, तपासून पुढे पाठवायचे, पासपोर्ट परत द्यायचा, हे सगळं कंपनीकडे आणि निर्णय फक्त कॉन्सुलेटकडे. खर्च कोण देणार? अर्जदार, सर्व्हिस फी म्हणून. सरकारांना एकमेकांकडे पैसे मागायची गरजच कमी झाली, कारण मधे तिसरा माणूस मिळाला होता. शेंगेनची फी 2007 मध्ये 35 वरून 60 युरो झाली, 2020 मध्ये 80, जून 2024 पासून 90, आणि सर्व्हिस फी साधारणपणे तिच्या निम्म्यापर्यंत घेता येते. व्हिसा नाकारला तरी परत काही मिळत नाही हे वेगळं सांगायला नको.

पैशाचा हिशोब अंधारात असला की जबाबदारीचाही असतो, याचं उदाहरण कोलंबोचं. श्रीलंकेच्या एका जोडप्याला नेदरलँड्सला जायचं होतं, कोलंबोत नेदरलँड्सचं व्हिसाचं काम स्वित्झर्लंड बघायचं, स्विसांनी नाही म्हटलं. अपील केलं नेदरलँड्समध्ये, तर डच म्हणाले हा निर्णय आमचा नाहीच. प्रकरण युरोपियन युनियनच्या कोर्टात गेलं आणि जुलै 2019 मध्ये निकाल आला की ज्याने नाकारला त्याच देशात अपील करायचं. म्हणजे जिथे जायचंच नव्हतं तिथे वकील शोधा!

माझ्या मते सरकारांनी एकमेकांना बिल लावावं, बिनधास्त लावावं, पण मग अर्जदाराच्या फीमधून तेवढं कमी करून. कारण आज अर्जदार पैसे भरतो पण जाब विचारू शकत नाही, आणि जे सरकार जाब विचारू शकतं ते बहुतेक वेळा काही भरतच नाही. डचांनी स्विसांना दर अर्जामागे पैसे मोजले असते तर किती नाकारले आणि का, एवढं तरी दरवर्षी विचारलं असतं. उलट धोका एकच, काम करणारा देश पैशासाठी अर्जांची संख्या बघेल आणि फायली भराभर उडवेल, म्हणून दर ठरवताना अपिलाचा खर्चही त्याच करारात कुणाच्या तरी नावावर टाकावा लागेल. व्हिसा कोडच्या कलम 8 मध्ये त्याला जागा आहे, वापरायची की नाही हे अजूनही दोन सरकारांच्या मर्जीवर आहे.